मताची खूण

दापोली तालुक्यांत खाडीच्या मुखाशीं वसलेलें केळशी हें गांव आमच्या वाचकांस महालक्ष्मीच्या देवळामुळें किंवा याकूबबाबांच्या दर्ग्यामुळें ठाऊक असेल. मतविक्रीच्या इतिहासाचा आरंभ आम्ही तेथून करीत आहों, यांत गांवावर दोष ठेवण्याचा हेतु नाहीं. खोती, मुंबईची चाकरी आणि वाडीवाडीचा संसार या तीन गोष्टी कोंकणांतील अशा गांवांत एकत्र दिसतात, एवढेंच.

१९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्यांत खेड्यांतील मतदाराची पात्रता सामान्यतः ३२ रुपये शेतसाऱ्याची होती. दरिद्री रत्नागिरी जिल्ह्यापुरती ती १६ रुपयांवर आणली गेली. तरीही खोताच्या बहुतेक कुळांना मत नव्हतेंच, आणि ज्याला मत नाहीं त्याला लांच कोण देणार? शेजारच्या मंडणगड तालुक्यांतील आंबडवे हें ज्यांचें मूळ गांव, त्या डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं खोतीविरुद्ध विधेयक मांडलें. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानें. पाठोपाठ प्रौढ मताधिकार आला आणि कालच्या कुळाच्या हातीं, इतरांस हवीशी वाटेल अशी एक वस्तु प्रथमच आली.

लांचेविरुद्ध कायदा मात्र आधींच झाला होता. १९२० सालीं दंडविधानांत निवडणुकींतील लांच हा गुन्हा ठरला; देणारा व घेणारा दोघेही अपराधी. परंतु ती खाण्यापिण्याच्या रूपानें दिली तर नुसता दंड, कैद नाहीं. २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंतही ही सवलत कायम आहे. पंक्तीला बसलेल्या माणसाकडे कायदा जरा कनवाळूपणानें पाहतो, असें दिसतें.

मत विकत घेणारा मोठा संशयी असतो. पैसे घेऊन मतदारानें दुसऱ्यालाच मत दिलें तर काय, ही त्याला धास्ती. म्हणून त्याला खूण हवी असते. इंग्लंडांत १८७२ पर्यंत मत उघड सांगावें लागे आणि कोणी कोणास मत दिलें याच्या याद्याही छापल्या जात. तेथें ही खूण आयतीच मिळे. गुप्त मतदानानें ती नाहींशी केली.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत निरक्षर मतदारांच्या सोयीसाठीं प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी ठेवीत. निशाणी पेटीवर असे, मतपत्रिकेवर कांहींच खूण करावयाची नसे. आडोशाला जाऊन ती हव्या त्या पेटींत टाकली कीं काम झालें. पण तीच पत्रिका खिशांत घालून कोणी बाहेर आणली, तर ती नाण्यासारखी हातोहात विकतां येई आणि घेणाऱ्याला आपल्या माणसाकरवीं ती आपल्या पेटींत टाकवितां येई. खूण आणि माल एकच! १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून एकाच पत्रिकेवर सर्व नांवें व निशाण्या छापून शिक्का मारण्याची रीत आली. पुढें यंत्र आलें. २०१९ पासून लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत यंत्रासोबत कागदी चिठ्ठीही आली; ती सात सेकंद काचेआड दिसून पेटींत पडते, मतदाराच्या हातीं येत नाहीं. आली असती, तर ती बाजारांतली पावतीच झाली असती.

तथापि एक खूण उरली आहे, आणि आम्हांला तीच अधिक जाचक वाटते. पूर्वी अनेक केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्र प्रत्येक केंद्राचा आंकडा वेगळा सांगतें. एकट्याचें मत झांकलेलें राहतें, वाडीचें राहत नाहीं. मग पाखाडी कोणाच्या दारावरून जावी, साकव कोणत्या पऱ्ह्यावर पडावा, हें त्या आंकड्यावरून ठरविण्याचा मोह निवडून आलेल्यास होतो. विधि आयोगानें मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालांत अनेक यंत्रांतील मतें एकत्र मोजणारें उपकरण सुचविलें. तें अजून वापरांत आलेलें नाहीं.

चाकरमान्यांची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. पोट मुंबईंत आणि मत गांवीं. गाडीभाडें कोणी द्यावयाचें? मतदारांना केंद्रावर फुकट नेण्याआणण्यासाठीं उमेदवारानें वाहन भाड्यानें घेणें हें १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानें भ्रष्ट आचरण ठरविलें आहे.

या सर्वांवर ताण केली ती नाशिक जिल्ह्यांतील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी या गांवांनीं. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीपूर्वीं तेथें सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाला. उमराण्यास बोली दोन कोटींवर गेली, खोंडामळीस ४२ लाखांवर. पैसा देवळासाठीं, म्हणून कोणास संकोचही वाटला नाहीं. येथें खूण मागण्याचें कारणच नव्हतें, कारण मत कोणी द्यावयाचेंच नव्हतें. राज्य निवडणूक आयोगानें त्याच जानेवारींत दोन्ही गांवांच्या निवडणुका रद्द केल्या.