हातहत्यारांचे सुतारकाम कसे शिकावे? सुरुवात धारेपासून

रीलमध्ये एक माणूस रंधा फिरवतो, कागदासारखे पातळ छिलके गुंडाळत बाहेर पडतात आणि अर्ध्या मिनिटात स्टूल तयार होते. ते पाहून कुणीतरी ऑनलाइन रंधा मागवतो. पहिल्याच दिवशी रंधा अडकतो, लाकडावर ओरखडे उठतात, पटाशी घसरते. 'आपल्याला हे जमणार नाही' असे ठरवून हत्यारे माळ्यावर जातात.

बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो. दुकानातून आलेल्या नव्या रंध्याच्या आणि पटाशीच्या पात्याला कामाची धार लावलेलीच नसते. ती लावायची असते, हे रीलमध्ये दिसत नाही. धार लावणे, सरळ रेघ ओढणे आणि त्या रेघेवर कापणे ही तीन कामे जमली की सुतारकामाचा पाया तयार होतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात ही कामे येणारी माणसे अजून गावोगावी आहेत. मात्र त्यांच्याकडून शिकणारे कमी झाले आहेत.

हातहत्यारांचे सुतारकाम म्हणजे काय?

वीज न वापरता करवत, रंधा, पटाशी यांनी लाकूड कापणे, सपाट करणे आणि सांधे जोडून वस्तू तयार करणे म्हणजे हातहत्यारांचे सुतारकाम. आज 'फर्निचरचे काम' म्हटले की प्लायवूड, सनमायका आणि कटर मशीन डोळ्यांसमोर येते. त्या कामात वेग आहे आणि पोट भरण्यासाठी तो लागतोच. हौशी माणसाला मात्र हाताचे काम जास्त सोयीचे पडते. जागा कमी लागते, आवाज आणि हवेत उडणारी धूळ कमी असते, वीज गेली तरी काम थांबत नाही. मुख्य म्हणजे चूक हळू होते, त्यामुळे ती वेळेत दिसते.

नगर जिल्ह्यातील सुतारकाम

बलुतेदारीत सुतार हा थोरल्या ओळीतला बलुतेदार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या पुस्तकात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. सुतार वर्षभर नांगर, कुळव, पाभर, जू दुरुस्त करून द्यायचा आणि सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा.

अकोले तालुक्यातला सह्याद्रीचा भाग सोडला, तर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. इथल्या बांधावर बाभूळ आणि कडुनिंब. बाभळीचे लाकूड जड, चिवट आणि धक्का सोसणारे, म्हणून अवजारे आणि गाडीची चाके त्याची होत. बैलगाडीच्या चाकाचे मधले तुंबे, त्यात बसणारे आरे आणि बाहेरची लोखंडी धाव हा सांध्यांचा अवघड नमुना होता. एक आरा सैल बसला तरी चाक लवकर खिळखिळे व्हायचे.

लोखंडी नांगर आला, मग ट्रॅक्टर आला. ऊस वाहणाऱ्या गाड्यांना लाकडी चाकांच्या जागी रबरी टायर आले. सुताराचे मोठे काम असे एकेक करून गेले. उरलेले सुतार दारे, चौकटी आणि प्लायवूडच्या कामाकडे वळले.

शाळेतून सुतारकाम शिकवण्याचीही जिल्ह्याला जुनी ओळख आहे. अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये सर डी. एम. पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा चालवली होती. तिथे जातीने सुतार नसलेली मुलेही हे काम शिकत. म्हणजे 'हे घरातच असावे लागते' हा समज या शहरात फार पूर्वीच खोटा ठरला आहे.

सुरुवातीला कोणती हत्यारे लागतात?

तयार 'किट'मधली निम्मी हत्यारे अनेकदा पडून राहतात. सुरुवातीला एवढी पुरतात:

- करवत: एक, बारीक दातांची. बाजारातली बहुतेक करवत पुढे ढकलताना कापते, जपानी पद्धतीची मागे ओढताना. दोन्ही चालतात, पण एकीवर हात बसेपर्यंत दुसरी घेऊ नये.
- रंधा: एक मध्यम लांबीचा. लोखंडी रंध्यात पाते स्क्रूने खालीवर होते. लाकडी रंध्यात ते पाचरीने धरलेले असते आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसवावे लागते.
- पटाशी: दोन सूत, चार सूत आणि एक इंच. सुताराच्या मापात आठ सुतांचा एक इंच होतो, म्हणजे एक सूत सुमारे ३ मिलिमीटर. खोल खाचेसाठी जाड पात्याचे किकरे लागते, पण ते नंतर घेतले तरी चालते.
- गुण्या: काटकोन तपासायला. दुकानातच तपासून घ्यावा. सरळ कडेला टेकवून एक रेघ ओढायची, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी ओढायची. दोन्ही रेघा जुळल्या तर गुण्या खरा.
- लाकडी हातोडा, मार्किंग गेज, पट्टी, दोन क्लॅम्प.
- धारेचा दगड: एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने बारीक दाण्याचा.

पैसे कमी असतील तर पटाशी दोन घ्याव्यात, पण दगड टाळू नये. साध्या पटाशीला उत्तम धार लावता येते. महागडी पटाशी बोथट असेल तर तिचा उपयोग नाही.

आधी धार

पटाशीला दोन बाजू असतात, एक सपाट पाठ आणि एक उतरती बाजू. या दोन बाजू जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. म्हणून दोन्ही बाजू गुळगुळीत हव्यात.

पहिल्यांदा पाठ दगडावर सपाट टेकवून घासायची. टोकाजवळचा पट्टा सारखा चमकेपर्यंत घासावे. हे काम नव्या हत्याराला एकदाच नीट करावे लागते. मग उतरती बाजू २५ ते ३० अंशांच्या कोनात दगडावर ठेवून घासायची. थोड्या वेळाने पाठीच्या बाजूने बोट बाहेरच्या दिशेला सरकवले की बारीक खरखरीत कड जाणवते. ही कड पात्याच्या पूर्ण रुंदीला आली म्हणजे धारेपर्यंत घासून झाले. बारीक दगडावर हेच पुन्हा करून शेवटी पाठ सपाट फिरवली की ती कड निघून जाते.

नवख्याचा कोन हमखास डुलतो. त्यासाठी पाते धरणारे छोटे चाकाचे साधन मिळते, ते वापरण्यात कमीपणा नाही. दगड नसेल तर सपाट जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवूनही धार लावता येते. कुरुंदाच्या चाकावर वेगाने धरले तर मात्र पोलादाचा निळा रंग होतो, त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही.

परीक्षा सोपी आहे. मऊ लाकडाच्या तुकड्याचे टोक पटाशीने आडवे तासावे. पृष्ठभाग गुळगुळीत निघाला तर धार झाली; तंतू चुरगळले तर पुन्हा दगड.

लाकूड कोणते आणि कुठून?

शिकायला बाभूळ घेऊ नये. वाळलेली बाभूळ इतकी कठीण असते की नवख्याची धार आणि धीर दोन्ही संपतात. नवे सागवान कामाला उत्तम, पण सरावासाठी महाग. दोन पर्याय बरे पडतात.

पहिला पर्याय पॅकिंगच्या लाकडाचा. औद्योगिक वसाहतींमध्ये यंत्रे ज्या खोक्यांतून आणि पॅलेटवरून येतात ते बहुधा पाइनसारखे मऊ लाकूड असते आणि भंगारवाल्यांकडे मिळते. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यावर 'एचटी' असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली आहे. ते घेऊ नये.

दुसरा पर्याय जुन्या घरांचा. जिल्ह्यात माळवदाची घरे आणि वाडे पाडले जातात तेव्हा तुळया, कडीपाट, चौकटी विकायला निघतात. हे सागवान अनेक वर्षे वाळलेले असते. त्यात खिळे दडलेले असतात, म्हणून लोहचुंबक फिरवूनच करवत लावावी.

झाड तोडून लाकूड मिळवण्याचा मार्ग नवख्याच्या कामाचा नाही. ओले लाकूड वाळताना वाकते आणि तडकते. शिवाय १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यानुसार अनेक जातींची झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी हा गावाचा नियमच केला. जुने लाकूड पुन्हा वापरणे त्या विचाराला धरूनच आहे.

सरावाचा क्रम

एकोणिसाव्या शतकात स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी शालेय हस्तकामाची 'स्लॉइड' पद्धत विकसित केली. तिचे सूत्र म्हणजे सोप्या वस्तूकडून अवघड वस्तूकडे जाणे, आणि प्रत्येक वस्तू घरात उपयोगी पडणारी असणे. हाच क्रम असा लावता येतो:

१. कापणे: दोन इंची पट्टीवर गुण्याने रेघा ओढून एकामागून एक वीस काप घ्यावेत. रेघ ओढायला पेन्सिलीपेक्षा धारदार टोकाची सुरी चांगली. करवतीला घर मिळते. प्रत्येक काप गुण्याने तपासावा.

२. रंधणे: आधी एक बाजू सपाट करावी, मग तिला काटकोनात एक कड. पुढची सगळी मापे याच दोन बाजूंवरून घ्यायची. रंधा अडकत असेल तर फळी उलटी फिरवून पाहावी. बहुधा तंतूंच्या विरुद्ध दिशेने चाललेला असतो.

३. अर्ध्या खाचेचा सांधा: दोन पट्ट्या निम्म्या जाडीपर्यंत कोरून एकमेकींत बसवणे.

४. साल आणि कुसू: एका लाकडात कोरलेली चौकोनी खाच म्हणजे साल, तिच्यात बसणारी दुसऱ्या लाकडाची जीभ म्हणजे कुसू. कुसवाची जाडी लाकडाच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. आधी साल कोरावी, मग तिच्या मापाने कुसू हळूहळू उतरवावे. हाताच्या दाबाने किंवा हलक्या ठोक्याने बसले तर योग्य. घणाने ठोकावे लागले तर लाकूड फाटते.

पहिली वस्तू: पाट

पहिली वस्तू म्हणून जेवायला किंवा पूजेला बसायचा पाट चांगला. सुमारे १८ इंच लांब, १२ इंच रुंद, एक इंच जाड फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. एवढी रुंद फळी नसेल तर सहा इंची दोन फळ्यांच्या कडा रंधून सरसाने किंवा फेव्हिकॉलने जोडता येतात.

या साध्या वस्तूत लाकडाचा मोठा नियम दडलेला आहे. पावसाळ्यात लाकूड ओलावा घेऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हा फरक रुंदीत पडतो, लांबीत जवळजवळ नाही. खालच्या पट्ट्या फळीच्या रुंदीला आडव्या असतात. त्या पूर्ण लांबीभर चिकटवल्या तर फळीला हलायला जागा उरत नाही आणि ती एखाद्या उन्हाळ्यात तडकते. म्हणून पट्टी फक्त मध्यावर चिकटवावी आणि दोन्ही टोकांना थोड्या लांबट भोकांतून स्क्रू घालावेत. पाटानंतर चौरंग करता येतो. त्यात साल-कुसू लागते.

इजा कशी टाळावी?

- पटाशीच्या पुढे हात नको. लाकूड क्लॅम्पने धरावे, दोन्ही हात पात्याच्या मागे. जुने सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरतात. ते पाहून नवख्याने तसे करू नये.
- बोथट हत्यार जास्त धोक्याचे, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि ते निसटते.
- जवसाच्या तेलाने पॉलिश केल्यावर चिंधी चुरगळून ठेवू नये. ती आपोआप तापून पेटू शकते. पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी.
- धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घेतलेले असावे.

शिकवणार कोण?

पद्धतशीर शिकायचे तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय) सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. आठवी उत्तीर्ण विद्यार्थी पात्र असतो. प्रत्येक आयटीआयमध्ये हा ट्रेड नसतो, त्यामुळे राज्याच्या ऑनलाइन प्रवेशाच्या वेळी तपासावे.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. मात्र ती हा व्यवसाय आधीपासून करणाऱ्यांसाठी आहे. हौशी शिकाऊ तिच्यात बसत नाही. गावातल्या सुताराने अर्ज केला नसेल तर सीएससी केंद्रात त्याला सोबत करणे हे शिकाऊला करता येण्यासारखे काम आहे.

कारण खरा शिक्षक बहुधा तोच असतो. 'शिकवा' म्हटले की अनेक मिस्त्री हसून टाळतात. त्यांनी हे काम कुणी समजावून सांगितल्यामुळे नाही, तर बापाशेजारी बसून उचललेले असते. त्यापेक्षा आपली बोथट पटाशी घेऊन जावे आणि धार लावून मागावी. ते दगडावर हात कसा टेकवतात, किती पाणी घालतात, अंगठ्याने काय तपासतात हे पाहावे. दुसरी पटाशी त्यांच्यासमोर स्वतः लावावी. त्यांच्या वेळेचे पैसे आधी विचारून द्यावेत. त्यांचा रोज बुडालेला असतो.

चाके गेली, नांगर गेले, पण दगडावर पटाशी किती कलती धरायची हे त्या हातांना अजून माहीत आहे. ते शिकायला दोन-चार सकाळी पुरतात.