भरतीची रेघ कोण आखतं?



गेले काही दिवस एक जुनाच विषय डोक्यात घोळतो आहे... समुद्राच्या भरतीची रेघ! भूगोल शिकवताना भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवणं सोपं असतं. चंद्र इकडे, सूर्य तिकडे, मधे पृथ्वी आणि फुगलेलं पाणी. पण पाणी नेमकं कुठपर्यंत येतं आणि तिथून पुढे कोणी काय बांधायचं, याचा निकाल चंद्र लावत नाही, सरकारी कागद लावतो. आज त्या कागदाचा इतिहास थोडक्यात सांगावा म्हणतो.

आपल्या लोकांना ही रेघ कागदाशिवाय ठाऊक होती. कोकणातले शेतकरी खाडीच्या कडेला मातीचे बांध घालून खार जमिनीत भात पिकवत आले. बांधाला उघाडी ठेवायची, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खारं पाणी बाहेरच अडवायचं. गोव्यातल्या खाजन शेतीचंही तेच. तिथे बांधांची देखभाल गावकरीच्या व्यवस्थेत सगळ्या गावाची जबाबदारी असे. बांध फुटला तर एकाचं नव्हे, साऱ्यांचं शेत खारट होई, म्हणून नियम पाळले जात.

स्वतंत्र भारतात देशभराच्या किनाऱ्यासाठी पहिलं ठळक पाऊल पडलं ते एका पत्राने. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं, की भरतीच्या पाण्यापासून किमान ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवा. पत्र म्हणजे कायदा नव्हे. पुढे डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना झाली आणि १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच कायद्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली. आपण सगळे जिला सीआरझेड म्हणतो, ती हीच!

तिने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमाखाली आणला आणि किनाऱ्याचे चार वर्ग पाडले. पहिल्यात कांदळवनं, प्रवाळ अशा नाजूक जागा. दुसऱ्यात आधीच बांधकाम झालेली शहरं. तिसऱ्यात खेडी आणि मोकळा किनारा, तिथे पहिल्या २०० मीटरात नवं बांधकाम नाही. चौथ्यात अंदमान, लक्षद्वीपसारखी बेटं. खाडीकाठी ही मर्यादा १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल ते. राज्यांनी वर्षभरात आपापले नकाशे तयार करावेत असंही त्यात होतं.

वर्ष उलटलं, पाच वर्षं उलटली, तरी नकाशांचा पत्ता नाही! अखेर एप्रिल १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खडसावलं. मधल्या काळात, १९९४ साली, केंद्राने नदी-खाडीकाठची १०० मीटरची मर्यादा ५० वर आणली होती. ती सूटही न्यायालयाने त्याच निकालात रद्द केली. तरीही १९९१ च्या अधिसूचनेत पुढच्या दोन दशकांत वीसहून अधिक दुरुस्त्या झाल्या. आमच्या आईच्या गोधडीसारखंच... मूळ कापड कोणतं आणि ठिगळ कोणतं, ते शेवटी कळेनासं होतं.

इथे घरचाच दाखला देतो. मागे गणपतीत आम्ही सारे भाऊबंद गावी जमलो असताना खाडीकाठच्या जुन्या घराच्या दुरुस्तीचा विषय निघाला. पुतण्या म्हणाला, "काका, सीआरझेडमुळे एक वीटही हलवता येत नाही." मी म्हटलं, "अरे, असं नाही. १९९१ मध्येसुद्धा असलेल्या अधिकृत घराची डागडुजी करायला मुभा होती. चौथरा वाढवायला नव्हती." पण त्याची तक्रार अगदीच गैर नव्हती. ज्यांच्या पिढ्या किनाऱ्यावर गेल्या त्या कोळ्या-शेतकऱ्याला नियम कोणी समजावून सांगत नाही आणि मोठ्या प्रकल्पवाल्याकडे तो समजून घ्यायला वकील असतात. २००८ मध्ये केंद्राने जुनी अधिसूचना बदलण्यासाठी नवा मसुदा आणला, तेव्हा देशभरचे मच्छीमार त्याविरुद्ध उभे राहिले ते यामुळेच. तो मसुदा बारगळला. जानेवारी २०११ च्या नव्या अधिसूचनेत मुंबईचे कोळीवाडे आणि गोव्यातल्या खाजन जमिनी यांचा खास विचार झाला, हे त्या विरोधाचं फळ मानायला हरकत नाही.

मुंबईची गोष्ट निराळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि बुजवलेल्या खाड्या, तोडलेली तिवरं यांची आठवण सगळ्यांनाच झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी केली. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला ठरवला. सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोडायचं असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आणि ती मिळतेही! बुलेट ट्रेनसाठी सुमारे २०,००० झाडं तोडायला डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

आता खरा मुद्दा. परवानगीबरोबर भरपाई येते. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे रस्त्यासारख्या कामासाठी जेवढं कांदळवन जाईल त्याच्या किमान तिप्पट लावायचं. हिशेब ऐकायला छान वाटतो. एक गेलं, तीन आले, म्हणजे दोनाचा नफा! पण तिवर म्हणजे गुलमोहर नव्हे, की खड्डा खणला आणि लावला. त्याला ठरावीक उंचीपर्यंत येणारी भरती हवी, गोड्या-खाऱ्या पाण्याचा मेळ हवा, श्वास घेणाऱ्या मुळांना जागा हवी. अशी जागा शिल्लक नसली की रोपं मोकळ्या चिखलपट्ट्यावर लावायचा मोह होतो. पण तो चिखलच तर पाखरांचं ताट! ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो उतरतात ते त्या चिखलातल्या खाद्यासाठी. ती खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. शिवाय झाडं तिसऱ्याच तालुक्यात लावली, तर इथल्या वस्तीत शिरणारं पाणी ती तिथून कशी अडवणार?

पाणथळ जागांचंही असंच. १९७१ च्या रामसर करारात आपण १९८२ मध्ये सामील झालो, पण स्वतंत्र नियम यायला २०१० उजाडलं. २०१७ च्या सुधारित नियमांत भातखाचरं आणि मिठागरं व्याख्येतूनच वगळली गेली. पाणी साचायचं ते साचतंच, कागदाला मात्र ते दिसत नाही.

आणि ती खाडीकाठची ५० मीटरची मर्यादा? १९९६ ला न्यायालयाने रद्द केलेला तो आकडा २०१९ च्या अधिसूचनेत खाड्यांसाठी पुन्हा आला आहे. इतिहास शिकवताना मुलांना मी नेहमी सांगायचो, की कोणता आकडा कधी बदलला तेवढं पाठ करू नका, तो बदलल्याने कोणाची सोय झाली ते विचारा. खाडीकाठी घर असलेल्या आमच्या भाऊबंदांनाही माझं तेच सांगणं आहे. आपल्या सोयीपुरता नियम वाकवून घेतला, तर शेजारी मोठी इमारत उठेल तेव्हा आपल्याला बोलायला तोंड उरणार नाही.

असो. तुमच्या गावाला खाडी असेल, जुना बांध किंवा उघाडी असेल, तर तिची आज काय अवस्था आहे ते जरूर लिहा. वाट पाहतो.