कोपरा फाटलेले कार्ड

माणसे हल्ली एकमेकांकडे जात-येत नाहीत, ही तक्रार फार जुनी आहे. आरोपी तेवढा बदलतो. आमच्या हिंगणीच्या पारावर सध्या मोबाइलवर खटला चालू आहे. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश असे सगळेच माना खाली घालून मोबाइल बघत बसलेले असतात, ती गोष्ट वेगळी!

म्हणून जरा मागे जाऊन पाहू. हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले १८७९ साली. किंमत पाव आणा. पाव आण्यात खुशाली कळल्यावर बैलगाडी जुंपून जाणार कोण? पण झाले भलतेच. पाहुणे आता आधी कळवून येऊ लागले, आणि कळवून आलेला पाहुणा हक्काने चार दिवस जास्त राहतो.

आमच्या वर्धा जिल्ह्याचेच बघा ना. १९३६ साली गांधीजी सेगावला राहायला आले. त्यांची पत्रे बुलढाण्याकडच्या शेगावची वारी करू लागली. अखेर १९४० साली गावाचे नावच बदलून ‘सेवाग्राम’ केले. टपालाचा एवढा मान! व्हाइसरॉय लिनलिथगोसाहेबांना थेट बोलता यावे म्हणून आश्रमात टेलिफोनही आला. पण युद्धावरची त्या दोघांची बोलणी १९३९-४० साली सिमल्याला नि दिल्लीला समोरासमोर बसूनच झाली. आणि पत्रे लिहिणारी मंडळीही वर्ध्याला गाडीतून उतरून धूळ तुडवीत आश्रमात येतच राहिली. पत्रांनी माणसे अडवली नाहीत, उलट बोलावून आणली.

मग आता बिघडले कुठे? मला आठवते ते कोपरा फाटलेले पोस्टकार्ड. कोपरा फाटलेला दिसला, की न वाचताच कळायचे : कुणीतरी गेले. ते कार्ड घरात ठेवत नसत, वाचून फाडून टाकत. त्याला उलट टपाली उत्तरही कुणी लिहीत नसे. त्याचे उत्तर म्हणजे सकाळची पहिली एसटी.

शेजारचे काका वारले तेव्हा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहा मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. तेरवीला मात्र पत्रावळी उरल्या. काकू म्हणाल्या, “हात तं लय लोकायनं जोडले बाप्पा, पाय मात्र कोनाचे दिसले नाई.”

हे ऐकून मोबाइलला फाशीच द्यावी असे वाटते. पण थांबा. त्याच ग्रुपवर एकदा रात्री अकराला निरोप आला, की सेवाग्रामच्या दवाखान्यात बाळंतिणीला रक्त पाहिजे. तिथे कुणी हात जोडले नाहीत. तीन पोरांनी फक्त ‘निघालो’ असे लिहिले आणि मोटारसायकलला किक मारली.

म्हणजे यंत्र तेच, गाव तेच, पोरेही तीच. बाळंतीण आज लेकराला घेऊन आमच्याच गल्लीतून जाते. काकूंच्या ओट्यावर मात्र संध्याकाळी दोन खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि त्यातली एक अजून रिकामीच असते. मी मोबाइल खिशात टाकून तिकडेच निघालो आहे. निकाल पाराने द्यावा.