झिजलेल्या विळ्याचे माप

आजोबांचा विळा घेऊन आम्ही भावंडे चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात गेलो आणि 'अगदी असाच करून द्या' म्हणालो. कारागिराने विळा कागदावर ठेवला आणि पेन्सिलीने त्याची कड गिरवून घेतली. पंधरवड्याने नवा विळा आला. कड तंतोतंत जुळत होती, मूठही बाभळीचीच होती. पण हातात तो बसेना, आणि पहिल्याच दिवशी दगडाला लागून धारेचा टवका उडाला.

कारागिराला दोष देता येत नाही. आम्ही त्याच्यापुढे ठेवलेला आकार कुणा लोहाराने घडवलेलाच नव्हता. वर्षानुवर्षे सहाणेवर घासून पाते निम्म्यावर आले होते. आजोबा डावखुरे, म्हणून झीजही एकांगी. आम्ही मापली ती त्यांच्या हाताची सवय.

माणसाच्या हाताजोगे पाते मुद्दाम घडवून घेणे आज हौसेत जमा होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा'त (1915) ज्या बलुतेदारीचे वर्णन केले, तीत हीच रोजची रीत होती. लोखंड शेतकऱ्याने आणायचे, मेहनत लोहाराची, आणि मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने. विळा कोण धरणार हे लोहाराला ठाऊक असे. मापाचा कागद लागतच नसे. (त्या धान्याच्या वाटणीत लोहाराची मान किती खाली जाई, हेही विसरू नये.)

पोलादाची कीर्ती मात्र दुसरीकडे होती. मराठवाडा 1956 पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानाचा, नंतर राज्याचा भाग होता, त्यातच निजामाबादजवळचे कोनसमुद्रम येते. तेथल्या मुशीतल्या पोलादासाठी इराणी व्यापारी येत. 'पोलाद' हा शब्दही फारसीतूनच आपल्याकडे आला. ते पोलाद तलवारींना गेले. विळ्याच्या वाट्याला मोडीचे लोखंड आले.

आजोबांचा विळाही मोडीचाच. ट्रकच्या कमानपाट्यातून एका घिसाड्याने तो रस्त्याकडेला घडवला, असे घरात सांगत. बैलगाडीत संसार, भुईत खणलेली भट्टी, आणि घण बहुधा बाईच्या हाती. फक्त धार तापवून तिला पाणी द्यायचे आणि पाठ मऊ ठेवायची, ही त्यांची युक्ती. कारखान्याने पाते सबंध कडक केले, म्हणून टवका उडाला.

औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले. पुढे चिकलठाण्याच्या शिवारात कारखाने उभे राहिले. जालना रस्त्यावर आता सळयांचे ट्रक धावतात. भट्टी मांडून बसलेला घिसाडी क्वचित दिसतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही पाते दुप्पट रुंद ठेवायला सांगितले आणि पाणी केवळ धारेला. कारागीर हसला, म्हणाला, ''मग हा त्यांच्यासारखा दिसणार नाही.'' तसा तो दिसतही नाही. धाकट्या बहिणीने तो नेला आहे, तीही डावखुरी.