एकच नरक, दोन अल्बम : हेवी मेटलच्या कव्हरांवरची उसनवारी

सुरुवातीला पडद्यावरची ही दोन कव्हरं जरा नीट बघून घ्या. डावीकडचं डीप पर्पलचं, १९६९ सालचं. उजवीकडचं सेल्टिक फ्रॉस्टच्या 'इन्टू द पँडेमोनियम'चं, १९८७ सालचं. एक बँड इंग्लंडचा, दुसरा स्वित्झर्लंडचा, मध्ये अठरा वर्षांचं अंतर. आणि चित्र एकच. हिरोनिमस बॉश या डच चित्रकाराने साधारण पाचशे वर्षांपूर्वी काढलेल्या 'गार्डन ऑफ अर्दली डिलाइट्स' या तीन फळ्यांच्या चित्रातली ही उजवीकडची फळी, म्हणजे नरक. मूळ चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे आणि ते रंगीत आहे. डीप पर्पलच्या कव्हरवर ते काळंपांढरं आलं ते छपाईतल्या चुकीमुळे. आज बघताना वाटतं, काय गंभीर परिणाम साधलाय! तो साधलेला नाही, झालेला आहे.

हा विषय आम्ही का घेतला? मेटल ऐकणाऱ्यांच्या कुठल्याही कट्ट्यावर बसा, दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, 'हे कव्हर त्यांनी अमक्याचं ढापलंय.' दोन कव्हरं सारखी दिसली की चोरी, असा सरळ हिशोब. पण ते चित्र कव्हरवर कुठल्या वाटेने आलं, हे सहसा कुणी विचारत नाही. आज आपण त्या वाटाच बघणार आहोत. चोरी कुठे झाली हे त्यानंतर ठरवता येईल, आधी नाही.

बॉशचा नरकच मेटलवाल्यांना का आवडावा, याचं उत्तर चित्रातच आहे. या नरकात छळाची हत्यारं म्हणजे चक्क वाद्यं आहेत. एक माणूस वीणेसारख्या हार्पच्या तारांत अडकवलेला आहे, एकाच्या ढुंगणावर स्वरलिपी लिहिलेली आहे. चर्चच्या लेखी संगीत हा पापाचा मार्ग ठरू शकतो, ही जुनी धास्ती त्यात आहे. ज्यांच्या संगीतालाच लोक सैतानाचं म्हणत होते, त्यांना हा नरक घरचाच वाटला असणार.

ही झाली पहिली वाट, संग्रहालयाची. जुन्या चित्रकाराला मानधन द्यावं लागत नाही, तो तक्रार करत नाही आणि चित्र मात्र अव्वल मिळतं. लंडनच्या एंजल विचने १९८० साली पहिल्या अल्बमवर नरकात शिरणाऱ्या पतित देवदूतांचं चित्र लावलं. ते पूर्वी जॉन मार्टिनचं समजलं जायचं. स्वीडनच्या कँडलमासने 'नाइटफॉल'साठी (१९८७) अमेरिकन चित्रकार टॉमस कोलच्या 'व्हॉयेज ऑफ लाइफ' मालिकेतलं म्हातारपणाचं चित्र घेतलं आणि पुढच्या वर्षी 'एन्शंट ड्रीम्स'साठी त्याच मालिकेतलं तारुण्याचं. म्हणजे आधी म्हातारपण, मग तारुण्य! बाथरीच्या 'ब्लड फायर डेथ'वर (१९८८) पेटर निकोलाई आर्बोचं १८७२ सालचं 'ओसगोर्ड्सराइएन' आहे, आकाशातून धावणारी नॉर्स देवांची झुंड. गाणी ऐकायच्या आधी नुसतं कव्हर बघितलं तरी अल्बम काय म्हणतोय ते कळतं. आमच्या मते उसनं घेतलेल्या चित्रांत याहून चपखल निवड दुसरी नाही.

नॉर्वेच्या बर्झमने तेओडोर किटेलसेनची चित्रं 'व्हिस ल्युसेट तार ओस' आणि 'फिलोसोफेम' या दोन अल्बमवर वापरली. नॉर्वेत किटेलसेन घराघरांत माहीत आहे तो लोककथांतल्या ट्रोलांच्या चित्रांमुळे, आणि तो वारला १९१४ साली. बर्झममागचा माणूस १९९४ साली खून आणि चर्च जाळण्याच्या गुन्ह्यांत दोषी ठरला. मेलेल्या चित्रकाराला कुणाच्या सोबत बसायचं हे ठरवता येत नाही, ही या फुकट वाटेची दुसरी बाजू.

आता एक जोडी बघा. बेल्जियमच्या जाँ देलविलचं १८९५ सालचं 'सैतानाचा खजिना'. समुद्रतळाशी निजलेल्या देहांचा पुंजका आणि त्यावरून पाय टाकणारा लालसर सैतान. हे चित्र स्वीडनच्या हेक्सनहाउसने १९८८ साली कव्हरला लावलं. तीन वर्षांनी फ्लोरिडाच्या मॉर्बिड एंजलने तेच 'ब्लेस्ड आर द सिक'वर लावलं. आज ते चित्र दिसलं की सगळे 'मॉर्बिड एंजल' म्हणतात, हेक्सनहाउसचं नाव कुणी घेत नाही. आधी कुणी घेतलं याला इथे काही किंमत उरलेली नाही. ज्याचा अल्बम जास्त ऐकला गेला, चित्र त्याचं झालं.

दुसरी वाट पुस्तकांच्या दुकानातून जाते, आणि आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते. साठच्या-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत स्वस्त कागदी बांधणीच्या कादंबऱ्यांचा पूर आला होता. तलवारबाज, राक्षस, परग्रह असले विषय. फ्रँक फ्रॅझेटा हा त्या कव्हरांचा बादशहा. त्याची चित्रं बँडवाल्यांनी उचलली: १९७२ साली डस्टने, १९७७ साली नॅझरेथने, १९७८ साली मॉली हॅचेटने. मॉली हॅचेटवरचा तो काळा घोडेस्वार, 'डेथ डीलर', १९७३ सालीच काढून झालेला होता. तो बँड खरं तर मेटल वाजवतच नव्हता, पण कव्हर बघून कुणाला सांगून पटणार नाही. कॅलिफोर्नियाच्या सिरिथ उंगोलने तर नाव टोल्किनकडून घेतलं आणि कव्हर मायकेल व्हेलनने मूरकॉकच्या एल्रिक कादंबऱ्यांसाठी काढलेलं. म्हणजे बँड, चित्रकार आणि श्रोता हे तिघंही एकाच रॅकवरची पुस्तकं वाचून वाढलेले. कव्हरं सारखी दिसणार नाहीत तर काय?

याच व्हेलनचा एक किस्सा आहे, जरा सविस्तर सांगतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने लव्हक्राफ्टच्या भयकथांच्या आवृत्त्यांसाठी मोठी चित्रं काढली, आणि त्यांचे भाग वेगवेगळ्या पुस्तकांच्या कव्हरांवर गेले. ब्राझीलच्या सेपुल्तुराला त्यातलं एक 'बिनीथ द रिमेन्स'साठी हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांचा ड्रमर इगोर काव्हालेरा याने त्यातला भाग अंगावर गोंदवूनही घेतला. आणि रेकॉर्ड कंपनीने ते चित्र दिलं ऑबिच्युअरीला! सेपुल्तुराच्या वाट्याला व्हेलनचंच दुसरं आलं, लाल कवटीचं 'नाइटमेअर इन रेड'. १९८९ साली तो अल्बम आला आणि पुढच्या वर्षी ते पहिलं चित्र ऑबिच्युअरीच्या 'कॉज ऑफ डेथ'वर झळकलं. इगोर नाराज झाला यात नवल काय? अंगावर दुसऱ्याच्या अल्बमचं कव्हर घेऊन फिरायचं! आता 'कुणी कुणाचं ढापलं' हा प्रश्न इथे लावून बघा. लागतच नाही. चित्रकार एक, कंपनी एक, आणि मूळ चित्र दोन्ही बँडांसाठी काढलेलंच नव्हतं.

सारखेपणाचं आणखी एक साधं कारण म्हणजे चित्रकार तोच असणं. केन केली हा फ्रॅझेटाच्या बायकोचा भाचा, आणि शिकला फ्रॅझेटाच्याच हाताखाली. त्याने १९७६ साली किसचं 'डिस्ट्रॉयर' रंगवलं: जळकं शहर मागे आणि ढिगाऱ्यावर चौघं. अकरा वर्षांनी मॅनोवॉरचं 'फायटिंग द वर्ल्ड' रंगवलं, त्यातही चौघं, तशाच मांडणीत. शेजारी ठेवली की हसू येतं. स्वीडनच्या क्रिस्टियान वोलिनने एम्परर, डिसेक्शन, सॅक्रामेंटम, डार्क फ्युनरल यांची कव्हरं १९९४ ते १९९६ या काळात केली आणि सगळी थंडगार निळी. लोक म्हणतात, ब्लॅक मेटलचा रंग निळा. तो मुळात एका माणसाच्या ब्रशचा रंग आहे. म्हणूनच म्युनिसिपल वेस्टला २००५ साली ऐंशीच्या दशकातला थ्रॅशचा थाट हवा होता, तेव्हा त्यांनी कुणाची नक्कल केली नाही. ते सरळ एड रेप्काकडे गेले, ज्याने मेगाडेथ आणि डेथ यांची त्या काळातली कव्हरं केली होती.

आता बोकडाकडे येऊ. हा बोकड प्रत्येक पिढीत हात बदलत आलेला आहे. १८५०च्या दशकात एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढविद्यावाल्याने बोकडाच्या तोंडाचा, शिंगांमध्ये मशाल असलेला बॅफोमेट काढला. १८९७ साली स्टॅनिस्लास द ग्वाइटाच्या पुस्तकात उलट्या पंचकोनी ताऱ्यात बसवलेलं बोकडाचं मुंडकं आलं. तेच पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या अँटन लाव्हेच्या चर्च ऑफ सेटनचं चिन्ह झालं. आणि १९८१ साली न्यूकॅसलच्या व्हेनमने ते 'वेलकम टू हेल'वर लावलं. फ्रेंच ग्रंथातून इंग्लंडच्या कामगारवस्तीच्या शहरापर्यंत, व्हाया कॅलिफोर्निया! तीन वर्षांनी स्टॉकहोमच्या बाथरीच्या पहिल्या कव्हरवर पुन्हा बोकड. पण हा व्हेनमचा नाही. याचं मूळ एरिका जाँगच्या 'विचेस' या १९८१ सालच्या पुस्तकात, जोसेफ स्मिथने काढलेल्या चित्रात सापडतं. बाथरीच्या क्वॉर्थनला तो सोनेरी हवा होता, छापखान्यातून आला पिवळा. त्या पिवळ्या प्रती आज संग्राहक शोधत फिरतात. इथे मात्र आम्ही 'उसनवारी' हा शब्द जरा जपून वापरू. बॉश कधीच मातीत गेला होता. स्मिथ हयात होता, त्याचं पुस्तक तीनच वर्षांपूर्वीचं होतं. आणि तो बोकड जगभर टी-शर्टांवर गेला तो बाथरीच्या नावाने.

प्रामाणिकपणे सांगणारेही आहेत. आयर्न मेडनचा एडी घडवणारा डेरेक रिग्ज याने 'द नंबर ऑफ द बीस्ट'बद्दल (१९८२) सांगितलंय, की दोरीवर नाचवलेल्या बाहुल्यांची कल्पना लहानपणी वाचलेल्या डॉक्टर स्ट्रेंजच्या कॉमिकमधली, आणि नरक मध्ययुगीन युरोपीय ख्रिस्ती चित्रकलेतून आलेला. त्याने काय केलं बघा: सैतान छोट्या एडीला नाचवतो, आणि त्या सैतानाला मोठा एडी नाचवतो. कल्पना उसनी, पण तिच्यात एक पायरी वाढवली. मेगाडेथच्या व्हिक रॅटलहेडचंही तसंच. डोळे झाकलेले, कान बंद, तोंड बंद. ओळखलंत? बापूंची तीन माकडं! मूळ जपानी. ती तिन्ही एकाच कवटीत कोंबली, आणि 'वाईट बघू नका'चा अर्थ 'आम्हाला बघू दिलं जात नाही' असा फिरवला.

शेवटचं चित्र थोडं कुंपणाबाहेरचं, हार्ड रॉकमधलं, पण आपल्या घरचं. १९९७ साली एरोस्मिथच्या 'नाइन लाइव्ह्ज'चं कव्हर आलं. त्यात कालियामर्दन होतं, आणि कृष्णाच्या धडावर मांजराचं डोकं. मूळ चित्र भक्तिवेदांत स्वामींच्या पुस्तकातलं. हिंदू संघटनांनी निषेध केला, रेकॉर्ड कंपनीने माफी मागितली आणि कव्हर बदललं. बँडला मूळ चित्र कुठलं हे माहीतच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्हाला ते खरं वाटतं, आणि अडचणही तिथेच आहे. बॉश उचलणाऱ्याला तो बॉश आहे हे ठाऊक होतं. इथे डिझाइन करणाऱ्याच्या लेखी ते नुसतं एक झकास रंगीत चित्र होतं, त्यातला नाचणारा कोण आणि ते कुणाच्या देव्हाऱ्यात असतं हे त्याच्या लेखी नव्हतंच. व्हेनमचा बोकड लोकांच्या श्रद्धेला डिवचत होता, पण कुणाला डिवचतोय हे त्याला माहीत होतं.

दिवे लावू या का? मागे कुणीतरी मघापासून हात वर करून आहे, टी-शर्टवर पिवळा बोकडच दिसतोय. पहिला प्रश्न तुमचा.