नखाएवढं मुखपृष्ठ

मामा एसटीत कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर त्याने आठवणी लिहिल्या, 'डबल बेल' या नावाने त्यांचं ई-बुक करायचं ठरलं आणि घरात फोटोशॉप येणारा मी एकटाच, म्हणून मुखपृष्ठ माझ्या गळ्यात पडलं. मी बसचा फोटो घेतला, मागे घाट टाकला, घाटावर सूर्यास्त, कोपऱ्यात तिकिटं. लॅपटॉपवर झकास दिसत होतं. मामाने ते आपल्या फोनवर पाहिलं, फोन जवळ नेला, लांब नेला आणि विचारलं, "अरे, ही लग्नपत्रिका कुणाची?"

चूक त्याच्या चष्म्याची नव्हती. ई-बुकच्या दुकानात पुस्तक दिसतं ते अंगठ्याच्या नखाएवढं, तेही शेजारच्या वीस नखांच्या गर्दीत. पण लांबून, घाईत, क्षणात ओळखू येईल असं पुस्तक कसं करायचं, हा प्रश्न फोनच्या कितीतरी आधीचा आहे. त्याचं एक चांगलं उत्तर 1935 साली लंडनमध्ये सापडलं होतं.

अ‍ॅलन लेन या प्रकाशकाला चांगली पुस्तकं सहा पेन्सला विकायची होती. तेव्हा पुठ्ठा बांधणीची नवी कादंबरी साडेसात शिलिंगला मिळायची, म्हणजे पंधरापट महाग. स्वस्त पुस्तकं बाजारात नव्हती असं नाही, पण ती दिसायचीही स्वस्त. लेनचा हट्ट असा की किंमत कमी असली तरी वाचणाऱ्याला कमीपणा वाटता कामा नये. मुखपृष्ठावर चित्र नको, हेही त्याचंच म्हणणं. पेंग्विन हे नाव ऑफिसातल्या सेक्रेटरीने सुचवलं. मग एडवर्ड यंग नावाच्या विशीतल्या पोराला पक्ष्याची रेखाटनं करायला प्राणिसंग्रहालयात धाडलं. पेंग्विनांच्या वासाने हैराण होऊन तो परत आला, पण चित्र घेऊन आला.

यंगने पानाचे तीन आडवे पट्टे केले. वर आणि खाली रंग, मध्ये पांढरा, पांढऱ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव. कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा, चरित्राला गडद निळा. रंगांची ही युक्ती आणि पुस्तकाचा आकार 1932 साली हॅम्बुर्गला सुरू झालेल्या अल्बाट्रॉस या प्रकाशनाकडून उचललेला. पक्ष्याचं नावसुद्धा तिथूनच सुचलं असावं, असा माझा संशय. 30 जुलै 1935 रोजी पहिली दहा पुस्तकं आली. पुस्तकविक्रेते नाकं मुरडत होते, पण वूलवर्थ या स्वस्त वस्तूंच्या दुकानसाखळीने 63,500 प्रतींची मागणी नोंदवली आणि गाडं रुळावर आलं. ज्या दुकानात माणसं कपबशा घ्यायला जायची, तिथे हे तीन पट्टे लांबूनच ओळखू येऊ लागले.

(यंग पुढे महायुद्धात पाणबुडीचा कप्तान झाला. त्या दिवसांवर त्याने लिहिलेलं पुस्तक 1954 साली पेंग्विनचं हजारावं पुस्तक म्हणून निघालं. पट्टे आखणाऱ्याला त्याच मालिकेत लेखक म्हणून जागा मिळाली, याचं मला भारी वाटतं.)

पण एकदा पट्टे आखले की संपलं, असं नसतं. दहा वर्षांत पेंग्विनची छपाई अनेक छापखान्यांत विखुरली आणि प्रत्येक छापखाना आपल्या सवयीने अक्षरं जुळवू लागला. 1947 साली लेनने यान चिखोल्ड या जर्मन माणसाला बोलावलं. नव्या मुद्रणकलेचा हा कट्टर पुरस्कर्ता. 1933 मध्ये नाझींनी त्याला अटक केली होती. सुटल्यावर तो स्वित्झर्लंडला निघून गेला आणि तिथे स्वतःच्याच जुन्या कट्टरपणाबद्दल साशंक झाला. पेंग्विनमध्ये त्याने क्रांती वगैरे केली नाही. चार पानांची नियमावली लिहिली, पेंग्विन पक्षी नव्याने रेखला, पट्ट्यांची मापं पक्की केली आणि पाचशेहून जास्त पुस्तकांवरून नजर फिरवली. मोठ्या अक्षरांमधलं अंतर डोळ्याला सारखं दिसेल असं ठेवा, ही सूचना रोज रोज लिहून तो इतका कंटाळला की तिचा रबरी शिक्काच बनवून घेतला. ब्रँडिंग म्हणजे लोगो असं आपण समजतो. त्यातलं बहुतेक काम या शिक्क्याचं असतं.

चित्रं पुढे आलीच. 1961 मध्ये रोमेक मार्बरने रहस्यकथांसाठी वरच्या तिसऱ्या हिश्शात अक्षरं आणि खाली चित्र अशी चौकट आखली. हिरवा रंग मात्र सोडला नाही.

आता आपलं देवनागरी. चिखोल्डचा तो शिक्का मी भक्तिभावाने 'डबल बेल'वर वापरला, अक्षरं लांब लांब केली, आणि शिरोरेषा तुटून 'ड ब ल' असे तीन अनोळखी प्रवासी उभे राहिले. रोमन मोठ्या अक्षरांना मोकळी हवा लागते, आपली अक्षरं एकाच दांडीला धरून उभी असतात. शिवाय वर मात्रा, खाली उकार, म्हणून पट्ट्यात दोन्हीकडे ऐसपैस जागा सोडावी लागते. माझ्या पहिल्या पट्ट्याने 'बे'ची मात्राच कापली होती. फॉन्टसाठी पैसे लागतीलच असं नाही. मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बलू' फुकट वापरता येतात. लहान आकारात मला 'मुक्त'चं जाड वजन बरं वाटलं.

रंगाबाबतही एक गोष्ट उशिरा कळली. काळ्या-पांढऱ्या किंडलवर नारिंगी आणि हिरवा जवळजवळ एकाच राखाडीत विरघळतात. तिथे रंग कामाला येत नाही, फिकं आणि गडद यांतला फरक तेवढा येतो. म्हणून मुखपृष्ठ 2560 बाय 1600 पिक्सेलचं केलं, तरी प्रत्येक बदलानंतर ते नखाएवढं करून, रंग काढून फोनवर बघायचो. फाइल मोठी करून काम करणं, हीच माझी पहिली चूक होती.

शेवटी घाट गेला, सूर्यास्त गेला. वर लाल, मध्ये पिवळट पांढरा, खाली लाल, आणि मध्ये 'डबल बेल'. पुस्तकासाठी केलेल्या एका पानाच्या वेबसाइटलाही तोच लाल, तोच फॉन्ट. मामाने फोन हातात घेतला. या वेळी जवळ नेला नाही.

"लाल डबाच की रे," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "दुसरा भाग लिहायला घेतलाय. त्याला रंग बदलू नकोस."