बुडालेल्या जहाजाचा पोवाडा

आम्ही एकदा वर्गात पोवाडा शिकवीत होतो. एका मुलाने विचारले, "सर, पोवाडा आपला असतो का?" उर्दू माध्यमाच्या शाळेतला हा प्रश्न. तास संपेपर्यंत आम्हाला त्याचे नीट उत्तर देता आले नाही.

आधी शब्द पाहू. 'शाहीर' म्हणजे अरबी 'शाइर'. त्याच्या हातातला 'डफ' हा अरबीतला 'दफ'. पेशवाईच्या उत्तरकाळात गाजलेला सगनभाऊ हा जेजुरीचा शिकलगार, धर्माने मुसलमान. १९४४ साली अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणारे शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राचा लढा त्यांच्या पहाडी आवाजावाचून सांगताच येत नाही.

मग परकेपणा कुठून आला? पोवाडा म्हटले की मुलांसमोर १६५९ चा अफजलखानाचा प्रसंग तेवढा उभा राहतो. पण पोवाडा केवळ विजयाचा नसतो. १७६१ च्या पानिपतावरही पोवाडे झाले. त्याच रणात इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. अशा ठिकाणी पोवाडा आपल्या मरसियाच्या शेजारी येऊन बसतो.

विलायतेतही अशी गाणी आहेत. खून, दगा, बुडालेली जहाजे, कबरीशी बोलणारी माणसे यांच्या या कथागीतांना तिकडे 'बॅलड' म्हणतात. फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन प्राध्यापकाने १८८२ ते १८९८ या काळात अशी ३०५ गीते छापली. त्याच सुमारास, १८९१ साली, मुंबईत ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह काढला. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. तिकडच्या तरुणांनी ती जुनी गाणी पुन्हा गळ्यात घेतली. 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या वाद्यवृंदाने १९७० साली 'सर पॅट्रिक स्पेन्स' हे बुडालेल्या जहाजाचे गीत विजेच्या गिटारवर गायिले. आज 'डार्क फोक' नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतात तोच काळोख नव्या सुरांत ऐकू येतो. आपल्याकडे संग्रह कपाटात राहिला.

आणि आपल्या किनाऱ्याला काळोख कमी आहे का? १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना उरलेला, रमजान दोन-तीन दिवसांवर. त्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी पावसात काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत जमेल तेवढ्यांना ओढून घेतले. बुडणाऱ्याला जात विचारायला तेव्हा कोणाला वेळ नव्हता.

पुढच्या तासाला आम्ही मुलांना रामदासची हकीकत सांगितली आणि तिच्यावर चार ओळी लिहायला लावल्या. कोणी उर्दूत लिहिले, कोणी घरच्या कोकणी बोलीत. बाकावर ठेका धरून ते म्हणताना सगळा वर्ग झीलकरी झाला. प्रश्न विचारणारा तो मुलगा सर्वांत मोठ्याने 'जी जी' म्हणत होता. त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.